विंडोजमधून उबुंटूवर रिमोट डेस्कटॉप: पासवर्ड स्वीकारला जातो, पण पडदा काळाच राहतो

प्रश्न
घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि कार्यालयातील संगणकावर उबुंटू २२.०४ (लिनक्स) व एक्सआरडीपी (दुसऱ्या संगणकावरून डेस्कटॉप वापरू देणारा प्रोग्राम) आहे. व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी) जोडून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून गेल्यावर एक्सआरडीपीची चौकट येते, नाव आणि पासवर्ड स्वीकारला जातो, मग पडदा काळा होतो आणि काही सेकंदांत खिडकी आपोआप मिटते. फायरवॉलमध्ये ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (नेटवर्कवरचे दार) खुला असल्याची दोनदा खात्री केली. गेल्या महिन्यापर्यंत सर्व सुरळीत होते. मध्यंतरी वारंवार वीज जाऊ लागली, म्हणून वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होऊन थेट डेस्कटॉप उघडावा अशी सोय केली, एवढाच काय तो बदल.

उत्तर १
फायरवॉलच्या मागे लागू नका. प्रवेशाची चौकट दिसते याचा अर्थ नेटवर्क, व्हीपीएन आणि पोर्ट हे तिन्ही ठीक आहेत. दोष त्यापुढे, म्हणजे डेस्कटॉप सुरू होण्याच्या टप्प्यावर आहे. ज्याला तुम्ही ‘एवढाच बदल’ म्हणता, तेच मूळ असावे. संगणक आपोआप लॉग-इन होत असल्यामुळे तुमच्या नावाचे ग्नोमचे (उबुंटूच्या डेस्कटॉपचे) एक सेशन तिथे आधीच चालू असते, आणि एक्सआरडीपी त्याच नावाने दुसरे सुरू करू पाहते. ग्नोमला हे झेपत नाही आणि नवे सेशन कोसळते. एक्सआरडीपीला समोर कोणी लॉग-इन असण्याची गरजच नसते. तेव्हा वीज आल्यावर संगणक सुरू होण्याची बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) सोय तशीच ठेवा आणि सेटिंग्जमधील आपोआप लॉग-इन तेवढे बंद करा.

एक्सआरडीपीच्या स्टार्टडब्ल्यूएम या डेस्कटॉप सुरू करणाऱ्या फाइलमध्ये डीबस आणि एक्सडीजी रनटाइमची व्हेरिएबल (चालू सेशनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदी) रिकामी करण्याचा तोडगा पुष्कळ जण सुचवतात. त्याने पडदा दिसतो खरा, परंतु एकाच नावाची दोन सेशन एकाच होम फोल्डरवर नांदू लागतात, आणि मग फायरफॉक्स उघडताना ‘आधीच चालू आहे’ असा निरोप मिळतो.

उत्तर २
वरील निदानाशी सहमत आहे; एक पुरवणी जोडतो. उबुंटू २२.०४ च्या सेटिंग्जमध्ये शेअरिंगखाली ग्नोमचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप असते आणि तेही ३३८९ वरच ऐकते. ते चालू असल्यास बंद करा, नाहीतर दोघांत पोर्टवरून भांडण होते. शिवाय २२.०४ मध्ये ते समोर लॉग-इन असतानाच चालते. कोणी लॉग-इन नसतानाही बाहेरून प्रवेश देण्याची सोय ग्नोम ४६ मध्ये, म्हणजे उबुंटू २४.०४ पासून आली. व्हीपीएन वापरता हे उत्तम, कारण ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवणाऱ्यांच्या लॉगमध्ये पासवर्ड ओळखण्याच्या प्रयत्नांची रांग दिसते.

प्रश्नकर्ता
आपोआप लॉग-इन बंद करून संगणक पुन्हा सुरू केला आणि पहिल्याच प्रयत्नात डेस्कटॉप उघडला. ग्नोमचे शेअरिंग आधीपासूनच बंद होते. आता कॉपी-पेस्टही होते; आवाज मात्र पलीकडून येत नाही.

उत्तर १
आवाज मुळात आला नसताच. त्यासाठी पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या प्रणालीचे एक्सआरडीपी मॉड्यूल सोर्स कोडमधून स्वतः तयार करून वेगळे बसवावे लागते. कामापुरता डेस्कटॉप हवा असेल, तर त्या खटाटोपात पडू नये असे माझे मत आहे.