रेसिडेन्सीत व्यायाम कसा टिकवता? आणि मनच ठीक नसेल तर तेवढ्यानं भागतं का?

वॉर्डवाली_जेआर१

नमस्कार, मी नागपुरात मेडिसिनला जेआर१ (पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर) आहे, कॉलेजचं नाव नाही सांगत. एमबीबीएसला असताना संध्याकाळचं बॅडमिंटन ठरलेलं असायचं, सुट्टी असली की अंबाझरीला धावायला जायची, परीक्षेच्या दिवसांतही ते कधी सुटलं नाही. आता काहीच जमून नाही राहिलं. इमर्जन्सी ड्युटीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरली की रात्रभर तिथेच, मग दुसऱ्या दिवशीचा राऊंड, रिपोर्ट गोळा करणं, डिस्चार्ज कार्ड, सगळं आटपेस्तोवर दुपार होते, मेस बंद झालेली असते, मग रूमवर येऊन दोन बिस्किटं खाऊन स्क्रब्समध्येच झोपते आणि उठते तेव्हा बाहेर अंधार असतो, पहाट आहे का संध्याकाळ हेच काही वेळ कळत नाही.

धरमपेठेतल्या जिमचे वर्षाचे पैसे भरून ठेवलेत, जाणं होत नाही, त्या रस्त्यानं गेलं तरी गिल्टी वाटते. सीनियर म्हणतात दिवसभर वॉर्ड, एक्स-रे, ब्लड बँक अशी पळतेस नं, तोच व्यायाम. मोबाईलवर पावलं खरंच भरपूर दिसतात, मग अंग असं जड का राहते?

पुढचं लिहू का नको असं होऊन राहिलं होतं, पण लिहितेच. आजकाल नातेवाईकांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माझा आवाज चढतो. मी अशी नव्हती. आईचा फोन वाजत राहतो, दिसतो, तरी उचलावासा वाटत नाही. कधी कधी नुसतं रडू येते, कारण विचाराल तर काहीच नाही.

तर पोस्ट इमर्जन्सीला, म्हणजे त्या ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी, झोपायचं का ओढूनताणून व्यायाम करायचा? हे मनाचं जे चाललं आहे ते व्यायाम सुटल्यामुळे आहे का वेगळं काही? आणि सायकियाट्रीत दाखवायचं तर आपल्याच कॉलेजात कसं दाखवू, ओपीडीत माझेच बॅचमेट बसतात.


सर्जरी_जेआर३

पोस्ट इमर्जन्सीला झोप. बस. यात दुसरा विचारच करू नको. जागरणावर १९९७ चा एक नावाजलेला अभ्यास आहे, त्यात १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरली आणि २४ तासांनंतर ०.१ टक्के असल्याइतकी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे त्या दिवशी वजनं उचलायचं सोडच, स्कूटीसुद्धा काढू नको, कोणाला तरी सोडून द्यायला सांग. फक्त एक कर, झोपायच्या आधी नीट जेव आणि संध्याकाळचा अलार्म लाव. उठून पंधरा-वीस मिनिटं कॅम्पसमध्ये मोकळ्या हवेत चाल, मग रात्री पुन्हा वेळेवर झोप लागते, नाही तर रात्रभर टक्क जागी राहशील आणि सकाळी परत राऊंड आहेच.

जिमचं या वर्षी मनातून काढून टाक, पैसे गेले ते गेले. आम्हाला सलग तास मिळतो कुठे, आणि मिळाला तर जाण्यायेण्यातच संपतो. मी ड्युटी रूमच्या कपाटात एक रेझिस्टन्स बँड ठेवतो, ओटीत दोन केसच्या मधे टेबल लागेपर्यंत तेवढं होऊन जाते. लिफ्ट सोडली आहे. आमच्या युनिटचे पोट्टे रात्री जेवणानंतर हॉस्टेलच्या कोर्टवर दोन गेम खेळतात, ज्याची इमर्जन्सी तो येत नाही आणि त्याला कोणी काही म्हणत नाही, हा नियम पक्का आहे म्हणूनच ते टिकून आहे. मे महिन्यात मात्र सांभाळून गं, ४५ च्या वर पारा गेला की पहाटे नाही तर रात्रीच, रात्रभर जागून उन्हात धावायला जाऊ नको.

आणि डब्ल्यूएचओचं २०२० चं गाईडलाईन वाचलं नसशील तर वाच. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस ताकदीचा. पण त्यात आधीची सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली आहे. चार मजले चढलीस तरी ते मोजायचं.


फिजिओ_ताई_मानेवाडा

वॉर्डात चालणं म्हणजेच व्यायाम, हे मी रेसिडेंट लोकांकडून इतक्यांदा ऐकते म्हणून मुद्दाम लिहिते. तुमचं चालणं म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत पहिल्या गिअरवर गाडी, पेट्रोल जळते पण वेग काही येत नाही. दहा पावलं चाललं, थांबलं, वाकून आयव्ही लावली, मान खाली घालून फाईल लिहिली, परत धावलं ते सॅम्पल द्यायला. हृदयाचा ठोका काही वेळ टिकून वाढलेला राहतो असं त्यात होतच नाही, पाय आणि कंबर मात्र दिवसभर ताणात. डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे, कामावरची शारीरिक मेहनत आणि फावल्या वेळातला व्यायाम यांचा तब्येतीवर होणारा परिणाम सारखा नसतो, उलट कामातल्या मेहनतीत विश्रांती आपल्या हातात नसते. तुझं अंग जड राहते ते आळसानं नाही, बेटा.

तुला जमेल असं सांगते. राऊंडला उभी असशील तेव्हा टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्यांना बरं वाटते. फाईल लिहून झाली की दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच मागे वाक, कंबर तेवढीच सुटते. आणि आठवड्यात ज्या दिवशी इमर्जन्सी नाही आणि आदल्या रात्री झोप झाली आहे अशा दिवशी वीस-पंचवीस मिनिटं असं चाल की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तो वेग बरोबर. फुटाळ्याला गेलीस तर उत्तम, नाही तर हॉस्टेलची गच्ची आहेच.


जुना_रेसिडेंट

वरचे सल्ले चांगले आहेत पण मला एक गोष्ट खटकून राहिली आहे. सगळा भार या पोरीच्याच खांद्यावर टाकून राहिले आपण. बँड आण, गच्चीवर चाल, अलार्म लाव. अरे तिला ३० तास उभं कोण ठेवते?

केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलं आहे की सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको आणि आठवड्याला ४८ तास. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत, तासांबद्दल मात्र फक्त ‘वाजवी’ एवढाच शब्द. २०२४ मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सनं आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको आणि रोज सात-आठ तास झोप हवी अशी शिफारस केली. आता आपापल्या ड्युटी लिस्टकडे बघा. जगभरच्या रेसिडेंट डॉक्टरांवरचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की सुमारे २८.८ टक्के रेसिडेंटांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं आहेत. एवढ्या सगळ्यांनी काय धावायचं सोडलं म्हणून झालं काय ते?

आमच्या वेळी युनिटमध्ये एक बदल झाला होता तो सांगतो, कारण त्याला ना पैसा लागला ना जादा माणूस. पोस्ट इमर्जन्सीवाल्यानं सकाळी सीरियस पेशंटचा लेखी हँडओव्हर द्यायचा, राऊंडमध्ये त्याचे पेशंट पहिले घ्यायचे आणि त्याला सोडायचं. डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या जेआरनं लिहायचे, पुढच्या वेळी उलटं. एचओयू (युनिट प्रमुख) सरांना जेआर३ नी जाऊन सांगितलं, पेशंटच्या सुरक्षेचा मुद्दा लावून धरला, म्हणून झालं. सर्जरी_जेआर३ भाऊ, तू आता त्याच जागी आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे, तुझ्या जेआर१ साठी एवढं करून बघ.


सर्जरी_जेआर३

जुना_रेसिडेंट सर, लेखी हँडओव्हर आमच्याकडे नाही, तोंडीच चालते. लिस्ट बदलेल तेव्हा मांडतो सरांपुढे.


मनोविकारतज्ज्ञ_नागपूर

तिच्या दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बेटा, थकवा आणि डिप्रेशन वरून सारखेच दिसतात. मी रेसिडेंटला पहिलं हे विचारतो की पूर्ण झोप झालेल्या सुट्टीच्या दिवशी कसं वाटते? आवडीचं खायला, मैत्रिणीशी बोलायला मजा येते का? येत असेल तर थकव्याचा वाटा मोठा. झोप होऊनही काहीच नको वाटत असेल, दोन आठवड्यांच्या वर असंच चालू असेल, तर ते जिमनं सुटेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. पीएचक्यू-९ हा डिप्रेशन तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म तुला माहीत आहे, पेशंटकडून भरून घेतेस, तोच स्वतःसाठी भर. दहा किंवा त्याच्या वर आला तर तपासून घे. नवव्या प्रश्नाचं, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का याचं, उत्तर शून्य नसेल तर स्कोअर किती का असेना, त्याच दिवशी कोणाशी तरी बोल. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी१२ करून घे, मेस चुकवून बिस्किटांवर राहणाऱ्या पोरींत यातलं काहीतरी सापडते बरेचदा.

व्यायामाचं म्हणशील तर तो खरंच काम करतो, नुसतं बोलायचं म्हणून नाही. २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २१८ ट्रायल्सचं विश्लेषण आलं, १४ हजारांवर लोक, डिप्रेशनमध्ये चालणं-जॉगिंग, योग आणि ताकदीचा व्यायाम या तिन्हींचा चांगला उपयोग दिसला. पण डिप्रेशनमध्ये उठून बूट घालायची इच्छाच जाते, हे लक्षात घे. म्हणून ज्यांना गरज आहे त्यांना औषध, समुपदेशन आणि चालणं बरोबरच सुरू करतो मी. हे संपलं की ते असं नाही करत. आणि जे नाही जमलं त्याची गिल्ट तर ठेवूच नको.

आपल्या कॉलेजात नको वाटते ते अगदी समजू शकतो. शहरात बाहेर दाखव, कोणाला विचारायचीही गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, तुझी माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, तू डॉक्टर असलीस तरी तिथे तू पेशंटच. रात्री-बेरात्री कधीही टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. स्वतःच्या हातानं सॅम्पलच्या गोळ्या मात्र सुरू करू नको, आपल्या लोकांत ही सवय फार आहे.


रेसिडेंटची_आई

माझा मुलगा गायनॅकला आहे, दुसऱ्या गावी. तोही फोन उचलायचा नाही, मला वाटायचं काही बिनसलं आमच्याशी. मग त्याच्या रूममेटनं सांगितलं की काकू, फोनवर तुम्ही जेवला का, झोपला का विचारता आणि त्याचं उत्तर नाही असतं, म्हणून तो टाळतो. आता मी काहीच विचारत नाही. अंगणातल्या मोगऱ्याचा नाही तर कुत्र्याचा फोटो पाठवते. तो रात्री कधीतरी बदाम पाठवतो. पोरी, तुझ्या आईला एकच ओळ पाठव, बोलायला जमत नाही पण ठीक आहे किंवा ठीक नाही, जे असेल ते. ठीक नाही हे कळलं तरी आईला चालते गं, काहीच न कळणं नाही सोसत.


वॉर्डवाली_जेआर१

सगळ्यांना खूप थँक्यू, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पीएचक्यू भरला, दहाच्या वर आहे, नववा शून्य आहे. आईला मेसेज केला, ठीक नाही असाच केला. ती लगेच यायला निघाली होती, कसंबसं थांबवलं, आता रविवारी येऊन राहिली डबा घेऊन. रूममेटला पण सांगितलं. ब्लड सॅम्पल उद्या देते. रामदासपेठेत एका डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे पण ती संध्याकाळी साडेपाचची आहे, त्या वेळी वॉर्डात सहीचे पेपर असतात. युनिटमध्ये काय सांगून निघू? खोटं बोलायचं नाही मला आणि खरं सांगायची हिंमत नाही.


मनोविकारतज्ज्ञ_नागपूर

‘डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे’, एवढंच सांग. ते खरंच आहे आणि तेवढं पुरेसं आहे, कशाची ते सांगायला तू बांधील नाहीस. आदल्या दिवशीच सांग आणि सहीचे पेपर कोण बघणार ते ठरवून जा. जमलं तर इमर्जन्सी नसलेला वार घे, पोस्ट इमर्जन्सीचा अजिबात नको, त्या दिवशी तुला अर्धं आठवणार नाही आणि त्यांना नीट कळणार नाही.


मेडिसिन_जेआर१_दुसरा

मी कोण ते तुला कळलं असेल 🙂 पेपर मी बघतो, तू जा. आणि बुधवारी रात्री जेवणानंतर रॅकेट घेऊन खाली ये, शटल मी आणतो, एकच गेम.