मायटोकॉन्ड्रियाचा आजार: माझा रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी लघवीची तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला राहतो. बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा. पर्वती चढताना निम्म्यावरच पायरीवर बसायचा, पोटऱ्या दाबत. सगळे म्हणायचे, नीट जेवत नाही. दिवाळीनंतर अचानक उलट्या, मग फिट, आणि एका बाजूचं दिसेनासं झालं. एमआरआयमध्ये स्ट्रोकसारखा डाग, रक्तात लॅक्टेट (पेशीत ऊर्जा नीट तयार झाली नाही की साठणारं आम्ल) वाढलेलं. जनुकीय तपासणीत ३२४३ क्रमांकाचा बदल निघाला. निदान मेलास, म्हणजे स्ट्रोकसारखे झटके आणणारा मायटोकॉन्ड्रियाचा आजार.

डॉक्टरांनी छान समजावलं. पेशीची बहुतेक ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात तयार होते. त्यांचा स्वतःचा ३७ जनुकांचा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. एकाच पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या प्रती एकत्र नांदतात. बिघडलेल्या वाढल्या की मेंदू, स्नायू, कान, हृदय यांना आधी झळ पोचते. म्हणून एकाच घरात कुणाला मेलास, तर कुणाला नुसता मधुमेह आणि बहिरेपणा.

हे ऐकलं आणि आईच डोळ्यांसमोर आली. अंगानं किरकोळ, तरी चाळिशीत मधुमेह, पुढे कानाला मशीन. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

माझ्या रक्तात हा बदल सापडला नाही. पण रक्तातलं त्याचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, लघवीतल्या पेशींत तो जास्त सापडतो, असं वाचलं. मला सहा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. पुण्यात ही तपासणी कुणी करून घेतली आहे का? मुलीचीही आत्ताच करावी, की आधी माझी? भावाच्या मुलांना भीती नाही, एवढं कळलंय. भाच्याची औषधं डॉक्टर बघताहेत, ती कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:
ताई, आमच्या घरात हाच बदल आहे. लघवीची तपासणी जरूर करा, सकाळची पहिली लघवी द्यायची असते. आधी तुमची करा, मुलीचं नंतर जेनेटिक काउन्सेलरशी बोलून ठरवा. लक्षणं नसलेल्या लहान मुलाची तपासणी घाईनं करू नये असं माझं ठाम मत आहे. भाच्याच्या फाइलवर पहिल्याच पानावर निदान ठळक लिहून ठेवा. फिटसाठी सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट या आजारात टाळतात आणि रात्री-अपरात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही. आणि आईंना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांना भाच्याचा रिपोर्ट याच आठवड्यात दाखवा, त्यानं लॅक्टेट वाढण्याचा धोका असतो. तोवर गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.