मुंडकार भाटकाराच्या कुटुंबातला नव्हता

डिचोलीवाला:
काल एकाने पोस्ट टाकली की गोव्यात वर्गसंघर्ष असा कधी नव्हताच, भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) एका कुटुंबासारखे राहायचे, गणेश चवथीला एकमेकांकडे जायचे, भांडणं लावली ती मतांसाठी राजकारण्यांनी. त्यावर पडलेले लाईक्स बघून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझी आजी त्या "कुटुंबात" होती. चवथीला जायची हे खरं, पण मागच्या दाराने, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान पोचवायला. घरावरची चुडतं (झावळ्या) काढून नळे (कौलं) घालायचे तरी भाटकाराला विचारायचं, भाट (माडांची बाग) राखायचं फुकट आणि पडलेला नारळ उचलला तर चोर. उलट बोललं की बिऱ्हाड उचल. कुटुंबातल्या माणसाला घरातनं हाकलू नये म्हणून 1975 साली कायदा करावा लागतो का?

मडगावकर:
आम्ही भाटकार, घाला शिव्या. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. माझ्या आजोबांनी मुंडकाराच्या मुलीचं लग्न स्वतःच्या पैशांनी करून दिलंय. 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला, आमची शेतं गेली. ठीक आहे, गेली. पण आज जाऊन बघा तिथे, सगळी पड, कमरेएवढं गवत. आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गरिबांचे कैवारी म्हणता, ते स्वतः खाणमालक होते हे कोणी काढत नाही.

पेडण्याची:
होते खाणमालक, माहीत होतं लोकांना. तरी 1963 च्या पहिल्याच निवडणुकीत बहुजनांनी त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, मगोला, निवडलं. जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातलं विलीनीकरण हरलं आणि दोन महिन्यांत लोकांनी परत मगोलाच सत्ता दिली. का? आमच्या वाड्यावर शाळा आली म्हणून. माझी आई घरातली पहिली शिकलेली बाई.

फोंडेकार:
शाळा मराठीतच का काढल्या तेही सांगा की, तिथूनच तर

पेडण्याची:
भाषेवर नको हां, प्लीज. दुसरा धागा काढा.

सत्तरीचा शेतकरी:
पड का राहिली ते मला विचारा ना दादा, एसीत बसून गवत मोजू नका. कापणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, रात्री रानडुकरं येऊन लोळून जातात. बांध फुटला की एकट्याने बांधता येत नाही, शेजारचे सगळे नोकरीला. आळशी म्हणून नाही पड राहिली.

म्हापशेकार:
पड तरी बरी, कुळांनी दिल्लीवाल्यांना विकून टाकली त्याचं काय? आमच्या मागे शेतात भराव घातलाय, पावसात पाणी आमच्या न्हाणीत येतं. पंचायतीत गेलो तर सेक्रेटरी रजेवर.

डिचोलीवाला:
थांबा. 1991 चा भू-वापर कायदा काय म्हणतो? कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीत शेतीशिवाय दुसरं काही करता येत नाही. बेकायदा भराव घातला असेल तर तक्रार करा, मी सही देतो. पण व्हिला कुठे उभे राहिलेत बघा, डोंगरावर, भरड जमिनीत, भाटात. ती जमीन कुळांच्या नावावर होती का? 2023 ला नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम घातलं, त्यात जमिनीचा झोन बदलून घ्यायला मुंडकार गेला होता का? विकणारे कोण ते उताऱ्यावर बघा.

मडगावकर:
आम्ही पण विकलं, लपवत नाही. आजोबांच्या मागे इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीची केस) कोर्टात, अर्धे वारस पोर्तुगालमध्ये, विकल्याशिवाय वाटणीच होईना. कुळांनी व्हिला बांधले नाहीत, बरं, हे तुमचं मान्य. पण आमच्यावर पण वेळ आली होती.

काणकोणची:
सगळे आजोबा-आजी काढताय, आजचं बोला. आमच्या इथे मुंडकारांच्याच नातवांनी घरामागे पत्र्याच्या खोल्या काढल्यात. एकेका खोलीत झारखंड-ओडिशाची सात-आठ पोरं, सगळ्यांना मिळून एक संडास, पावती नाही. भाडं थकलं की बॅग रस्त्यावर. वर त्यांनाच घाटी म्हणायचं. ह्यावर कोण लिहिणार?

डिचोलीवाला:
ताई, ते वाईटच आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूने. पण म्हणून आमच्या आजीवर झालं ते पुसलं जात नाही. मडगावकर, लग्नाचं सांगितलंत, घरांचं सांगा. तुमच्या भाटातल्या किती मुंडकारांच्या नावावर घर झालं?

मडगावकर:
तिघांना करून दिलं. चौथ्याने 300 चौरस मीटरवर भागवायचं सोडून रस्त्यापर्यंत कंपाउंड घातलं म्हणून मामलेदाराकडे केस आहे. गरीब असला म्हणून काय पण घेणार का?

पेडण्याची:
तुमचा वकील तरी तारखेला जातो ना? माझ्या मामाने घरासाठी अर्ज केला, तो वारला, आता मामी जाते. दोन बस बदलून मामलेदाराकडे पोचते, भाटकाराचा माणूस येतच नाही, दुपारपर्यंत बाकावर बसवून पुढची तारीख देतात. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो, भाटकाराचं काय बुडतं?