मदत हवी आहे : जुन्या इंग्रजीतलं 'नॉक अप' मराठीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

कॉनन डॉयलची 'द स्पेकल्ड बँड' ही १८९२ सालची होम्सकथा आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठीत आणते आहे. सुरुवातीलाच अडले आहे.

सकाळचे सव्वासात. एरवी उशिरा उठणारा होम्स कपडे करून वॉटसनच्या पलंगाशी उभा आहे. तुला 'नॉक अप' केलं, माफ कर, असं म्हणतो. घरमालकीण मिसेस हडसनलाही कुणी 'नॉक अप' केलंय, तिने त्याचं उट्टं माझ्यावर काढलं आणि मी तुझ्यावर. लगेच पुढे तेच क्रियापद तिसऱ्यांदा येतं: इतक्या सकाळी एखादी तरुणी झोपलेल्या माणसांना 'नॉक अप' करते, म्हणजे काम निकडीचंच असणार.

इथला अर्थ दार ठोठावून झोपेतून उठवणं हाच आहे, याबद्दल मला शंका नाही. लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावांत पहाटे लांब काठीने माडीच्या खिडक्या वाजवून कामगारांना उठवणारी माणसं असत, त्यांना 'नॉकर-अप'च म्हणत. आठवड्याला काही पेन्स घेऊन ती हे काम करायची. (आपल्या गिरणगावात हे काम भोंग्याने केलं.)

एका मैत्रिणीचं म्हणणं, मिसेस हडसन 'थकली आहे' असं घ्यावं. तोही जुना अर्थ आहे खरा. जेन ऑस्टिनच्या १८१४च्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये फॅनी लवकर दमते, तिथे हेच क्रियापद आहे. पण इथे ते मला पटत नाही. थकव्याचं उट्टं कसं काढणार? झोप मोडल्याचंच काढता येतं.

मी सध्या असं केलंय:

"तुझी झोपमोड केली, वॉटसन, माफ कर. पण आज सगळ्यांचीच तीच गत आहे. मिसेस हडसनची झोपमोड झाली, तिने माझी केली, मी तुझी."

साखळी छान जुळते, पण दारावरची थाप हरवते. 'दार वाजवून उठवलं' लिहिलं तर थाप राहते, पण वाक्य जड होतं आणि होम्सच्या बोलण्यातली चपळाई जाते. शिवाय 'झोपलेल्यांची झोपमोड' कानाला बरं वाटत नाही, म्हणून तिसऱ्या ठिकाणी 'साखरझोपेतून उठवते' घ्यावं असं वाटतंय. तुम्ही असता तर तिन्हीकडे एकच शब्द ठेवला असता का? की थाप सांभाळणारा एखादा सुटसुटीत बोलीतला शब्द तुमच्याकडे आहे?

दुसरा प्रश्न ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना. अमेरिकन बोलीत या क्रियापदाचा अर्थ एखादीला गरोदर करणं असा आहे, आणि मालिका बघणाऱ्या मुलांना तोच माहीत असतो. काही मुलं मूळ कथा शेजारी ठेवून वाचतील, म्हणून तळटीप द्यायची आहे. तिकडची वयस्कर मंडळी अजून 'सहा वाजता नॉक अप करा' असं सहज म्हणतात का, की आता तेही टाळतात? तुमच्या कानावर प्रत्यक्ष पडलं असेल तर कुठल्या भागात, तेही लिहा.