कोथरूड ते शिवाजीनगर : सायकलसाठी कमी वर्दळीचा रस्ता नकाशाच्या ॲपवरून कसा शोधावा?

मृण्मयी

डहाणूकर कॉलनीतून शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या कार्यालयात सायकलने जाण्याचा विचार आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास पोहोचायचे असते. परत निघायला मात्र साडेसात-आठ वाजतात. गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय निवडला की ते सरळ कर्वे रस्त्यावर नेते. तिथे मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता आधीच अरुंद झालेला आहे आणि बसगाड्यांच्या शेजारून सायकल चालवण्याचे धाडस मला होत नाही. चालण्याचा पर्याय निवडून पाहिला, तर गल्ल्या चांगल्या सुचवल्या जातात, पण एकेरी वाहतुकीचा विचारच केला जात नाही. थोडा वळसा पडला तरी हरकत नाही. रस्ता शांत आणि सुरक्षित असावा, एवढीच अपेक्षा आहे. सायकल साधी, बिनगिअरची आहे. कोणते ॲप वापरावे आणि कसे?

घाटवाट

मृण्मयीताई, गूगलचा दुचाकीचा पर्याय २०१७ मध्ये भारतात आला तो स्कूटर आणि मोटारसायकल डोळ्यांसमोर ठेवून. लवकर पोहोचवणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. सायकलसाठी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या नकाशावर चालणारी साधने अधिक उपयोगी पडतात. फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड घ्यावे. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात आणि दोन्हींत सायकलचा स्वतंत्र पर्याय आहे. मार्ग आखण्यासाठी मात्र मी ब्राउटर हे संकेतस्थळ संगणकावर उघडण्याचा आग्रह धरीन, कारण मोठ्या पडद्यावर रेघ ओढून हवी तशी वळवता येते, दोन-तीन पर्यायी मार्ग पाहता येतात, चढ-उतारांचा आलेख दिसतो (बिनगिअरच्या सायकलसाठी तो महत्त्वाचा) आणि तयार मार्ग जीपीएक्स फाइल (मार्गाची रेघ साठवणारी, नकाशाच्या ॲपमध्ये उघडता येणारी फाइल) म्हणून फोनमध्ये घेता येतो.

हे साधन ‘शांत’ रस्ता कसे ओळखते, ते एकदा समजून घ्यावे. नकाशात प्रत्येक रस्त्याला एक दर्जा दिलेला असतो : महामार्ग, मुख्य, दुय्यम, वस्तीतला, कच्चा वगैरे. मुख्य रस्त्याचा एक किलोमीटर हिशेबात दोन किलोमीटरांइतका महाग धरला, तर तेवढा खर्च टाळण्यासाठी साधन आपोआप गल्ल्यांकडे वळते. म्हणजे ते वाहने मोजत नाही, कोणीतरी लिहून ठेवलेला दर्जा वाचते. पुण्यात नेमकी इथेच गफलत होते. कर्वे रस्ता तुंबला की कोथरूडमधल्या ज्या गल्लीतून सगळ्या रिक्षा आणि स्कूटर घुसतात, ती गल्ली नकाशात ‘वस्तीतला रस्ता’ म्हणूनच नोंदलेली असते. सायकल ट्रॅकचेही तसेच. सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी ट्रॅक नकाशात ठळक दिसतो आणि साधन तो आवडीने निवडते. प्रत्यक्षात त्यावर गाड्या लावलेल्या असतात किंवा तो मध्येच संपतो.

म्हणून ब्राउटरने सुचवलेला मार्ग हा पहिला खर्डा समजावा आणि तो पुढे दोन ठिकाणी पडताळावा. पहिले ठिकाण म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेल्या गूगल मॅप्समधील ठरावीक वेळेच्या नेहमीच्या रहदारीचा थर. त्यात वार आणि वेळ निवडता येते, तेव्हा मंगळवार सकाळचे नऊ आणि मंगळवार संध्याकाळचे पावणेआठ असे दोन्ही पाहावे. मात्र हिरवा रंग पाहून फसू नये. तो रंग वाहने वेगाने जात असल्याचे सांगतो, ती कमी असल्याचे नव्हे. रुंद रस्ता हिरवा असेल तर सायकलस्वाराला तिथे अधिक जपून सायकल चालवावी लागते. दुसरे ठिकाण म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगल मॅप्समधली रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे. २०२२ मध्ये ते भारतातल्या ज्या मोजक्या शहरांत सुरू झाले त्यांत पुणेही होते, त्यामुळे रस्त्याची रुंदी आणि कडेला लावलेल्या गाड्यांची रांग घरबसल्या पाहता येते. छायाचित्र कोणत्या महिन्याचे आहे, तेही तिथेच लिहिलेले असते.

तुमच्या मार्गाबद्दल बोलायचे, तर नळ स्टॉपचा चौक हीच खरी अडचण आहे. बहुतेक साधनांच्या हिशेबात मोठा चौक ओलांडण्याला फारसे वजन नसते, पण आपला निम्मा धोका तिथेच असतो. तो चौक सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर ओलांडला, की पुढे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, भांडारकर रस्ता आणि मग आपटे रस्त्यावरून घोले रस्ता असा झाडांच्या सावलीतला क्रम लावता येतो. जंगली महाराज आणि फर्ग्युसन या दोन्ही रस्त्यांवर एकेरी वाहतूक आहे, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळा आखावा लागेल.

वैदेही

वरील सर्व मान्य करूनही एक मुद्दा नोंदवते. ‘शांत’ आणि ‘सुरक्षित’ हे प्रश्नात एकत्र आले आहेत, पण रात्री आठ वाजता एकट्या स्त्रीसाठी ते नेहमी एकत्र असतातच असे नाही. भिडे पुलाजवळचा नदीपात्रातला रस्ता सायकलच्या कोणत्याही साधनाला आवडेल. अंधार पडल्यावर मी मात्र तिथून जाणार नाही. शिवाय खडकवासला धरणातून पाणी सोडले की तो बंद होतो, आणि नकाशातली रेघ कोरडीच राहते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्यावर दिवे आहेत का, ही नोंद करण्याची सोय आहे, पण ती भरलेली असेलच असे नाही. परतीसाठी मी गल्ल्यांऐवजी दुकाने उघडी असलेला, मध्यम वर्दळीचा रस्ता निवडते, मग गाड्यांचा त्रास थोडा अधिक झाला तरी चालेल.

केमनदीकाठी

मी इंग्लंडमध्ये केंब्रिजला राहतो. इथे सायकलस्ट्रीट्स नावाचे साधन आहे, जे एकाच प्रवासासाठी सर्वांत जलद, समतोल आणि सर्वांत शांत असे तीन मार्ग शेजारी शेजारी दाखवते आणि प्रत्येकाच्या शांततेची टक्केवारीही देते. तेही ओपनस्ट्रीटमॅपवरच चालते. फरक इतकाच, की इथल्या स्वयंसेवकांनी पृष्ठभाग, दिवे, वेगमर्यादा, सायकलींना दिलेली उलट दिशेची मुभा अशा बारीकसारीक नोंदी वर्षानुवर्षे भरल्या आहेत. पुण्यात साधनांपेक्षा या नोंदींची उणीव अधिक आहे, असे मला वाटते.

स्ट्राव्हा या व्यायामाच्या फेऱ्या नोंदवण्याच्या ॲपच्या हीटमॅपचा (जास्त फेऱ्या झालेले रस्ते उजळ दाखवणाऱ्या नकाशाचा) उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून सांगतो : तो पाहावा, पण जपून. पुण्यात त्यावर सिंहगड आणि खडकवासल्याकडचे रस्ते उजळलेले दिसतात, कारण पहाटे व्यायामासाठी निघणारे लोक आपल्या फेऱ्या नोंदवतात. भाजी आणायला किंवा कामावर सायकलने जाणारा माणूस त्यात जवळजवळ दिसतच नाही.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. वैदेहीताई, तुमचा मुद्दा पटला. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग आता स्वतंत्रपणे आखते. ब्राउटरवर प्रभात रस्त्याचा मार्ग व्यवस्थित आला. त्यात एक जोडगल्ली मात्र आरपार दाखवली आहे आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये तिथे सोसायटीचे फाटक दिसते. अशा वेळी काय करावे?

घाटवाट

रविवारी सकाळी तिथे जाऊन पाहावे. फाटक कायम बंद असते, की सायकल जाईल एवढी वाट ठेवलेली असते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. काय आढळते ते ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर त्याच जागी टीप म्हणून लिहावे. त्यासाठी खाते उघडण्याचीही गरज नाही. अँड्रॉइड फोन असेल तर स्ट्रीटकंप्लीट हे ॲप घ्यावे. ते उभ्या जागी साधे प्रश्न विचारते (रस्ता डांबरी आहे का, दिवे आहेत का) आणि उत्तर थेट नकाशात जाते. दुरुस्ती ब्राउटरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो, तोवर रेघ हाताने बाजूला ओढून मार्ग त्या गल्लीला टाळून न्यावा. आणि परतीच्या वाटेवरचे दिवे पाहायचे असतील, तर तीच फेरी एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन करावी.