वॅगन आरचा ऑइल फिल्टर: कंपनीचा, नावाजलेल्या ब्रँडचा की गॅरेजवाला देतो तो?

मुलुंडची लेक

नमस्कार. गाडी २०१३ची वॅगन आर, पेट्रोल, ६४,००० किलोमीटर झालेत. गाडी बाबांची. मागच्या दिवाळीपासून डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं बंद केलं, तेव्हापासून मी चालवते. आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला ठाण्याला न्यायचं, एखाद्या रविवारी दादरला आत्याकडे, आणि गणपती-शिमग्याला चिपळूण. एवढंच चालणं.

बाबांची गाडीची एक वही आहे, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, ऑइल कुठलं, फिल्टर कुठला, ड्रेन बोल्टचा कॉपर वायसर बदलला की नाही, सगळं लिहिलेलं. शिवाय नव्या फिल्टरच्या डब्यावर ते काळ्या मार्करनं तारीख आणि किलोमीटर घालायचे आणि मगच मेकॅनिकच्या हातात द्यायचे. मागच्या सर्व्हिसिंगला त्यांचा नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला होता, म्हणून मी दुसऱ्या गॅरेजमध्ये टाकली. बिलावर नुसतं 'ऑइल फिल्टर १ नग'. वहीतली ती ओळ अर्धीच राहिली.

तेव्हापासून एक गोष्ट खटकते. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताना तीन-चार सेकंद इंजिनमधून कडकड आवाज येतो आणि ऑइलचा लाल दिवाही तेवढाच वेळ जळत राहतो. पूर्वी चावी फिरवली की लगेच विझायचा. नंतर दिवसभर काही नाही. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये आहे. गॅरेजवाला म्हणाला, जुनी गाडी आहे, होतं असं.

आता पुन्हा सर्व्हिसिंग आलंय. बाबांचा मेकॅनिक परत आलाय, पण त्याच्याकडचा स्टॉक संपलाय. तो म्हणाला, फिल्टर तुम्हीच आणा. दुकानदारानं तीन पुढे ठेवले: एक कंपनीच्या पाकिटातला, एक बॉशचा, आणि एक साध्या खोक्यातला, 'सगळे गॅरेजवाले हाच नेतात' म्हणून. तिघांच्या किमतीत शंभर रुपयांचाही फरक नाही. मी काहीच न घेता परत आले. कुठला घ्यावा? आणि सकाळच्या आवाजाचा फिल्टरशी काही संबंध असू शकतो का?

विक्रोळी पूर्व

कंपनीचा घ्या, बिल घ्या, विषय संपवा. अधिकृत पार्टच्या दुकानात गाडीचा चॅसिस नंबर सांगितला की ते स्वतःच बरोबर नंबरचा काढून देतात. आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मी आठ वर्षं हेच करतोय.

निवृत्त फिटर

ताई, बसच्या आगारात २९ वर्षं इंजिनवर काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा आवाज. संबंध असू शकतो, आणि माझा पहिला संशय फिल्टरवरच आहे. फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा. मधे आट्यांचं एक मोठं भोक आणि त्याभोवती लहान भोकांची रांग. इंजिनातलं मळकं ऑइल त्या लहान भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परत जातं. लहान भोकांच्या आतल्या बाजूला रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ती भोकांवर बसते आणि फिल्टरमधलं ऑइल मागे उतरू देत नाही. ज्या गाड्यांत फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसतो, तिथे या चकतीवरच सगळं असतं. रबर हलकं असलं तर उष्णतेनं कडक होतं, नीट बसत नाही, आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, मग वर ऑइल पोहोचतं. तेवढा वेळ दिवा जळतो. तुमच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, म्हणजे आतले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारी साखळी, आणि तिचा ताण धरणाराही ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन वाजते. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती याच चार सेकंदांत, म्हणून 'होतं असं' म्हणून सोडून देऊ नका.

आता तीन फिल्टर. पहिले दोन्ही चांगले. कंपनीचा घ्या किंवा बॉशचा घ्या. प्युरोलेटर आणि एलोफिकचेही मी वापरलेत, तक्रार नाही. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही, नंबर तुमच्या मॉडेलचा हवा. तिसरा मात्र नको. तो वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण आत काय आहे हे तुम्हाला कोणी सांगू शकत नाही. ऑइलला दीड-दोन हजार घालायचे आणि ते गाळणाऱ्या वस्तूवर साठ-सत्तर रुपये वाचवायचे, हा हिशेब मला कधी पटला नाही.

आणखी एक भाग आत असतो, तो बाहेरून दिसत नाही: बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो, कारण इंजिनाला मळकं ऑइल चालेल, पण कोरडं राहून चालणार नाही. हा किती दाबाला उघडायचा हे त्या त्या इंजिनाप्रमाणे ठरलेलं असतं. म्हणून 'हा मोठा आहे, जास्त गाळेल, बसतोय ना' असं कोणी म्हणालं तर घेऊ नका.

बसतोय यावरही विश्वास ठेवू नका. फिल्टरच्या आट्यांची दोन मापं फार चालतात: २० मिलिमीटर, दीडचा पिच (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर), आणि पाऊण इंच, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, दोन्हींत एक मिलिमीटरचाही फरक नाही. २०चा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर चढतो, आवळलाही जातो, पण आटे पुरते धरत नाहीत. असा फिल्टर हायवेवर निसटला तर मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर. एका टॅक्सीवाल्याचं इंजिन असं जॅम झालेलं मी सायनच्या पुलाखाली स्वतः पाहिलंय. तो माणूस फुटपाथवर डोकं धरून बसला होता.

दुकानात घेताना: खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता कायद्यानं छापलेला असतोच, तो वाचा. लेबलवरचा होलोग्राम आणि छपाई बघा, पुसट किंवा वाकडी असेल तर ठेवून द्या. खोकं उघडून लहान भोकांतून ती रबराची चकती बघा. नारिंगी-लाल असेल तर बहुधा सिलिकॉन, काळी असेल तर साधं नायट्राइल रबर. सिलिकॉन उष्णतेत जास्त टिकतं, पण चांगलं नायट्राइलही एका सर्व्हिसिंगला पुरून उरतं, नुसत्या रंगावर जाऊ नका. स्वच्छ काडीनं हळूच दाबून बघा, आत जाऊन परत आली पाहिजे. बाहेरची मोठी रबर रिंग खाचेत सगळीकडून सारखी बसलेली हवी.

बसवताना तुम्ही समोर उभ्या राहा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि नव्याची तिच्यावर बसली, तर दोन रिंगांमधून ऑइल फुटतं. नव्या रिंगेला बोटानं ताजं ऑइल लावायचं, हातानं फिरवत रिंग टेकेपर्यंत आणायचं, मग आणखी पाऊण फेरा. बस. पान्हा लावून आवळायचा नाही, पुढच्या वेळी निघत नाही.

नव्या फिल्टरनंही सकाळचा आवाज राहिला, तर मग चेन आणि तिचा ताण बघून घ्या. आधी नको, ते खर्चाचं काम आहे.

घाटकोपरचा व्हॅनवाला

फिटरकाकांनी फिल्टरचं सगळं सांगितलंय, मी फक्त कधी बदलायचा ते सांगतो, कारण या शहरात तिथेच लोक चुकतात. माझी शाळेची व्हॅन आहे, सीएनजी.

पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पण एलबीएस मार्गावर संध्याकाळी सहाला गाडी काय वेगानं जाते ते तुम्हाला माहीत आहे. सरासरी ताशी २० धरली तर १०,००० किलोमीटरला इंजिन ५०० तास चालतं. तेच नाशिक-पुणे करणाऱ्याची सरासरी ५० असेल तर २०० तास. मीटर सारखाच, ऑइलनं खाल्लेले मार अडीचपट. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो, तो बघा. मी ७,००० ला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. ऑइल नवं आणि फिल्टर जुना असं कधी करत नाही. जुन्या फिल्टरमध्ये मळकं ऑइल राहतंच, ते नव्यात मिसळतं.

ताई, तुमचं मुलुंड-ठाणे म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत प्रवास संपला. अशा छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये पाणी धरतं, पावसाळ्यात जास्त. ऑइल भरायचं झाकण उघडून आत दुधट चॉकलेटी साय दिसते का बघा. तुमच्यासाठी किलोमीटर विसरा, दर वर्षी एक तारीख धरा.

सीएनजीवाल्यांसाठीही एक सांगतो. आमचं ऑइल काळं पडत नाही, कारण गॅसला काजळी कमी. म्हणून लोक 'अजून स्वच्छ आहे' म्हणत १५,००० पर्यंत ओढतात. रंग चांगला असला तरी ऑइल उष्णतेनं संपलेलं असतं.

मुलुंडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काम झालं, म्हणून लिहितेय.

शनिवारी चॅसिस नंबर घेऊन अधिकृत पार्टच्या दुकानात गेले आणि कंपनीचा फिल्टर आणि कॉपर वायसर घेतला. खोकं तिथेच उघडलं. चकती दाबून बघत होते तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, हे कोणी बघत नाही. मी त्याला काकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यानं दुसरा एक फिल्टर काढून स्वतःही दाबून पाहिला.

सोसायटीत आवारात गाडीचं काम करू देत नाहीत, म्हणून मेकॅनिकच्या गॅरेजमध्येच नेली. बाबा हट्टानं बरोबर आले आणि स्टुलावर बसले. जुना फिल्टर निघाला तेव्हा मेकॅनिकनं तो उलटा धरला. आतून जेमतेम चमचाभर ऑइल पडलं. तो म्हणाला, गाडी रात्रीपासून उभी आहे ना, यात पाव लिटरच्या आसपास तरी ऑइल असायला हवं होतं. मग त्यानं पत्र्याच्या कात्रीनं डबा कापून दाखवला. करवत वापरली तर लोखंडाचा कीस आत पडतो आणि इंजिनाची झीज समजून माणूस घाबरतो, असं म्हणाला. रबराची चकती हातात घेतली तर वाकवल्यावर वाकलेलीच राहिली, कडेला एक चीरही होती. कागदाच्या घड्या एका बाजूला एकमेकींना चिकटल्या होत्या. घड्या उलगडून आम्ही टॉर्चनं बघितलं, चमकणारे कण नव्हते. ते कळल्यावर मला खूप हलकं वाटलं.

नव्या फिल्टरवर बाबांनी मार्करनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, त्यांना नीट दिसत नाही, पण किलोमीटरचा आकडा बरोबर होता.

आज सकाळी चावी फिरवली. दिवा लगेच विझला, आवाज नाही. गाडीखाली रात्री पुठ्ठा घातला होता, त्यावर थेंबही नाही.

एक विचारायचं राहिलं. निघालेलं जुनं ऑइल मेकॅनिकनं डब्यात भरून ठेवलं. ते पुढे कुठे जातं?

निवृत्त फिटर

छान झालं, ताई. फिल्टर कापून बघितलात हे सगळ्यात चांगलं. जुनं ऑइल परवाना असलेले लोक गोळा करून नेतात आणि ते शुद्ध करून पुन्हा वापरात येतं. कायद्यानं तो घातक कचरा आहे. मेकॅनिकला विचारा, नेणारा कोण आणि पावती देतो का. गटारात ओततात तिथून ते नाल्यानं थेट खाडीत जातं. जुना फिल्टरही टाकण्याआधी रात्रभर उलटा ठेवून निथळू द्यायचा. आणि शंभरेक किलोमीटर झाले की एकदा फिल्टरच्या रिंगेभोवती कोरडं बोट फिरवून बघा.