पथक पोचेपर्यंतचा दीड तास: बेवारस बॅग, जिलेटिन, डुकरांचे गोळे. ठाण्यानं नेमकं काय करायचं?

ठाणेअंमलदार_७०किमी

नमस्कार मंडळी. तालुक्याचं ठाणं, बॉम्बशोधक व नाशक पथक जिल्ह्याला, मधे ७० किलोमीटर आणि त्यातला निम्मा रस्ता उखडलेला. कॉल गेल्यावर पथक यायला दीड तास धरून चाला. इकडं तीन प्रकारचे कॉल असतात. एसटी स्टँडवर नाहीतर मोंढ्यात बेवारस बॅग, जुन्या विहिरीवर किंवा खदानीत सापडलेल्या जिलेटिनच्या कांड्या, आणि उसाच्या फडात रानडुकरं मारायला ठेवलेले गावठी स्फोटक गोळे.

विचारायचं ते असं. लोकांना किती लांब हटवायचं? कुणी ५० मीटर म्हणतं, कुणी ५००. दुसरं, एक सप्लायर रंग बदलणारं तपासणी किट दाखवून गेलाय, "डीआरडीओचं तंत्रज्ञान, मिनिटांत कळतं" म्हणतो. ठाण्याला घ्यावं का? आणि फुटलंच, तर फॉरेन्सिकवाले येईस्तोवर कशाला हात लावायचा, कशाला नाही? "योग्य ती काळजी घ्यावी" एवढं नका सांगू, ते परिपत्रकात हाय.

दोरीवाला

अंतराचं मी सांगतो, किटचं प्रयोगशाळेतले सांगतील.

५० आणि ५०० दोन्ही बरोबर आहेत, म्हणूनच घोळ होतो. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं एफबीआयबरोबर काढलेला अंतराचा तक्ता जगभर वापरतात. त्यात प्रत्येक आकाराला दोन आकडे आहेत. पाइपएवढी वस्तू, २.३ किलो धरून: २१ मीटर आणि ३६६ मीटर. बॅग-सुटकेस, २३ किलो धरून: ४६ आणि ५६४. कार, २२७ किलो: ९८ आणि ५८०. पुढं ट्रकपर्यंत जातो, पण तालुक्याला एवढं पुरे. कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा.

पहिला आकडा इमारत कोसळण्याच्या हिशोबानं काढलाय. त्याच्या आत कुणीच नको, घरात नाही, दुकानात नाही, रसवंतीत नाही. दुसरा आकडा उडणाऱ्या तुकड्यांचा आणि काचांचा. त्याच्या आत उघड्यावर कुणी नको. मधल्या पट्ट्यातल्या लोकांनी बाहेर पळत सुटायचं नाही, पक्क्या इमारतीत मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब थांबायचं. हा मधला पट्टा समजला की ५६४ मीटरचा आकडा अंगावर येत नाही. अर्धं गाव रिकामं करायचं नाहीये, अर्धं गाव आत बसवायचंय.

आपल्याकडची एक गोम त्या तक्त्यात नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद असलेलं घर 'पक्की इमारत' धरू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं त्याच भिंतींखाली आणि मातीच्या त्याच ओझ्याखाली गेली. जुन्या पेठेत अशी घरं असतील तर मधल्या पट्ट्यातलीसुद्धा रिकामी करा. पत्र्याच्या शेडखाली थांबणं म्हणजे उघड्यावर थांबल्यासारखंच, वरून पत्रा उडतो तो वेगळा.

वजनाचा अंदाज चुकेल म्हणून अडून बसू नका. धक्क्याचं अंतर वजनाच्या घनमुळानं वाढतं. वजन आठपट झालं तर अंतर दुप्पट होतं. १० किलो समजलात आणि २० निघालं तर पहिलं अंतर साधारण सव्वापट लागतं. बॅगेजवळ दुसऱ्यांदा जाण्यानं जो धोका वाढतो त्यापुढं ही चूक काहीच नाही.

आता क्रम. ज्यानं पाहिलं त्याला बाजूला घ्या आणि घरी जाऊ देऊ नका, पथकाचा पहिला प्रश्न त्यालाच असतो. बॅग कुणाची म्हणून मायकवरून एकदा पुकारा करा. उचलायची नाही, चेन उघडायची नाही, काठीनं ढकलायची नाही, बादलीत बुडवायची नाही, वर पोती टाकायची नाहीत. वायरलेस आणि मोबाइलवर तिच्याजवळ बोलू नका. ब्रिटिश पोलीस हातातल्या सेटसाठी किमान १५ मीटर पाळतात, गाडीतल्या सेटचा जोर जास्त म्हणून गाडी आणखी लांब. सगळ्यात सोपं म्हणजे दोरीच्या बाहेर या आणि मग बोला.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे बंदोबस्त जिथून चालवायचा ते ठिकाण, कुठं करणार ती जागा आधी तपासा. पायाभोवती ५ मीटर, मग २० मीटर: कचराकुंडी, उभी मोटारसायकल, टपरीमागचं खोकं. दुसरी वस्तू पोलीस जिथं जमतात तिथंच ठेवलेली असू शकते. लोकांना नेहमीच्याच मैदानात नेऊन उभं करायचं तर तेही आधी बघून घ्या.

पथकाला फोनवर काय सांगाल? "संशयास्पद वस्तू" एवढ्यावर भागत नाही. "फलाट ३, तिसऱ्या बाकड्याखाली, जेवणाच्या चार पुड्यांच्या डब्याएवढी, निळं कापड, ११:२० ला झाडूवालीनं पाहिली, तिनं पायानं सरकवली, वायर दिसत नाही, ओल नाही, आवाज नाही." सरकवली हे लपवू नका. दिसली तिथूनच झूम करून एक फोटो. फोटोसाठी पुढं जायचं नाही.

आणि स्टँडवरचं कँटीन! लोक हटवताना गॅसचा कॉक बंद झाला का ते विचारायचं राहूनच जातं. त्याच तक्त्यात गॅसचंही आहे. ९ किलोच्या टाकीला आगीचा गोळा १२ मीटर रुंद आणि सुरक्षित अंतर ४८ मीटर, ४५ किलोला २१ आणि ८४. कँटीनची १९ किलोची टाकी या दोहोंच्या मधे. कँटीन बॅगेपासून लांब असेल तरच कॉक बंद करायला माणूस पाठवा.

मोंढा_नाका

कागदावर ठीक. आठवडी बाजाराच्या दिवशी ५६४ मीटर कोण करणार? आमच्याकडं चार होमगार्ड. बॅगेला १०० मीटर, बास. ब्रिटिश लोकंबी १००च सांगतात.

दोरीवाला

@मोंढा_नाका, त्यांचे आकडे पूर्ण सांगा की. खांद्यावरच्या बॅगेएवढ्या वस्तूला १००, मोठ्या सुटकेसला किंवा कारला २००, व्हॅन-ट्रकला ४००. चार माणसांनी सुरुवात १०० नं करा, हरकत नाही. पण दोरी १०० वर बांधून तिथंच गर्दीला बघत उभं करू नका. १०० मीटरवर सरळ नजरेसमोर उभा असलेला माणूस आणि त्याच अंतरावर आडतीच्या भिंतीमागं असलेला माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. वस्तू दिसते तिथपर्यंत तुकडा येतो, हे होमगार्डला सांगायला एक वाक्य पुरतं. आणि दोरी आत ओढणं सोपं असतं, बाहेर ढकलणं नाही. म्हणून आधी लांब.

सीए_टेबल

किट.

तंत्रज्ञान खरं आहे. पुण्याच्या एचईएमआरएलनं, म्हणजे डीआरडीओच्या उच्च ऊर्जा द्रव्य प्रयोगशाळेनं, असं किट तयार केलंय. नमुन्यावर थेंब टाकायचे, रंगावरून गट कळतो आणि मिनिटांत कळतो. पण नमुना घ्यायला हात लावावा लागतो, आणि बंद बॅगेला हात लावायचा नाही हे वर आलंच आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या दीड तासात त्या किटला कामच नाही. पथकानं जागा मोकळी केल्यावर, संशयिताच्या हातावर, गाडीच्या डिकीत, खोलीतल्या फरशीवर त्याचा उपयोग. ते काम पथक नाहीतर फॉरेन्सिकवाले करतात. ठाण्यानं त्या पैशांत दोरी, बॅटऱ्या, ताडपत्री आणि एक चांगला भोंगा घ्यावा.

दुसरं म्हणजे शेतीच्या तालुक्यात रंग फसवतो. नायट्रेट आपल्याकडं कुठं नाही? खताच्या गोणीत, खत टाकलेल्या काळ्या रानात, उकिरड्यात, गोठ्याच्या भिंतीवर. शेतकऱ्याच्या हातावर रंग आला तर तो खत टाकून आलाय एवढंच त्यातून निघू शकतं. उलट रंग आला नाही म्हणून वस्तू निर्धोक असंही नाही. किटचा निकाल दिशा दाखवतो, कोर्टात उभा राहतो तो सी.ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

न शिवता ओळखण्याचं संशोधनही चालू आहे. १ मार्च २०२१ ला पुण्यात दाखवलेलं रायडर-एक्स हे उपकरण एचईएमआरएल आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून केलं. काही अंतरावरून स्फोटक ओळखणं हा त्याचा हेतू. ते पथकाच्या हाती द्यायचं उपकरण, ठाण्याच्या कपाटात ठेवायचं नाही.

श्वानाचंही सांगून टाकतो. कुत्रं शोधायला असतं. वस्तू सापडल्यावर तिच्यापाशी हुंगायला न्यायचं नसतं. मे महिन्यात दुपारी कुत्रं धापा टाकायला लागलं की त्याचं नाक अर्धं कामातून गेलं. तोंडानं श्वास चालला की वास नीट घेता येत नाही. सावली आणि पाणी आधी तयार ठेवा.

आता फुटल्यानंतर. जखमी आधी, त्यात वाद नाही. मग सगळ्यात लांबचा तुकडा शोधा आणि केंद्रापासून त्याच्या दीडपट अंतरावर दोरी बांधा. तुकडा ६० मीटरवर असेल तर दोरी ९० वर. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या मार्गदर्शिकेतला हा नियम, आणि तो चालतो. त्याहून लांब तुकडा सापडला की दोरी आणखी सरकवायची. आत जायला एकच वाट, फक्कीनं आखलेली, आणि आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव-वेळ वहीत. पुढाऱ्यांचंसुद्धा.

अग्निशमनवाल्यांना सांगा, आग विझली की पाइप बंद. खड्डा धुऊन काढू नका. नायट्रेट-क्लोरेटसारखे क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर पुरावा गटारीत. पावसाचं वातावरण असेल तर खड्ड्यावर ताडपत्री, ती मातीला टेकू न देता, कडेला खुंट्या मारून.

नमुने फॉरेन्सिकवाल्यांनीच घ्यावेत. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी येणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे, आणि स्फोटक पदार्थ कायद्याची ३, ४, ५ ही कलमं त्यात बसतात. मराठवाड्याला जवळच्या प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला. पण नमुना घेताना पंच आणि तुम्हीच उभे असता, तेव्हा चार गोष्टींवर नजर ठेवा:

कंट्रोल नमुना घेतला का? खड्ड्यातली माती आली, पण त्याच रानातली, स्फोटाची झळ न पोचलेली माती स्वतंत्र डब्यात हवी. नाहीतर बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो, "या शेतात खत टाकलं होतं का?" आणि रिपोर्ट बसतो खाली. पिशवी साधी पॉलिथिनची नको, वास तिच्यातून निघून जातो. नायलॉनची पिशवी किंवा नवा कोरा हवाबंद डबा. न फुटलेल्या पावडरीला आट्यांच्या झाकणाची बाटली अजिबात नको, आट्यांत कण अडकून घासले जातात. आणि संशयिताला पकडणारा माणूस व खड्ड्याजवळचा माणूस वेगळे हवेत. एकाच गाडीतून दोन्ही आणले की हातावरचं तिकडचं इकडं झालं नाही हे सिद्ध करता करता नाकीनऊ येतात.

ठाणेअंमलदार_७०किमी

लई कामाचं. किट कॅन्सल. जिलेटिनचं कुणी सांगा, तेच जास्त येतं. गुत्तेदार विहीर खोदून जातो आणि लेकरं कांड्या घेऊन ठाण्यात येतात.

खदानवाला

आधी हे घ्या: आता मिळते ती कांडी जुन्या नायट्रोग्लिसरीनच्या जिलेटिनची नसते, स्लरी किंवा इमल्शनची असते. नाव तेवढं राहिलंय. कांडी एकटी सहसा स्वतःहून उडत नाही. खरं भांडण तिच्यासोबतच्या बोटाएवढ्या धातूच्या नळीशी, डेटोनेटरशी आहे. ठोका, उष्णता, ओढाताण, अंगातली स्थिर वीज, कशानंही तो जातो आणि बोटं घेऊन जातो. विजेच्या डेटोनेटरवर केंद्रानं १ एप्रिल २०२५ पासून बंदी घातली, पण शेतात, माळ्यावर पडलेला जुना माल कुठं जाणार? म्हणून दोन तारा लोंबताना दिसल्या की मोबाइल लांब.

लेकरानं आणलंच ठाण्यात, तर ओरडू नका, ते टाकून पळतं. "हळूच खाली ठेव बाळा" म्हणा, टेबलावर नाही, अंगणात, सावलीत. मग अंगण रिकामं. कुठं सापडलं ते विचारा, तिथं आणखी असणारच. खोका असेल तर त्यावरचा कंपनी, तारीख, बॅच नंबर याचा फोटो काढा, त्यावरून परवानाधारकापर्यंत पोचता येतं. नागपूरच्या पेसोकडं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडं, परवान्यांची नोंद असते. विहिरीत बार न उडालेलं भोक दिसलं तर त्यात काठी घालून बघायची नाही, ते ब्लास्टिंगच्या परवानाधारक माणसाचं काम.

डुकरांच्या गोळ्याचं उलटं आहे. तो दाबानं आणि घासल्यानं जाण्यासाठीच केलेला असतो. बूट लावू नका, ढेकूळ मारू नका. दिसला की थांबा, आलात त्याच पावलांवर मागं जा, बांधावर खूण करा, ऊसतोड थांबवा. एक दिसला तर फडात आणखी असणार असं धरूनच चाला. कुत्री बांधायला सांगा.

आणि कृपा करून जप्त माल मालखान्यात ठेवू नका. १४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री श्रीनगरच्या नौगाम ठाण्यात जप्त स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट झाला, ९ जण गेले. ते सगळे कामावरचे लोक होते. कांड्या एकीकडं, डेटोनेटर दुसरीकडं, हे वेगळं करणंसुद्धा पथकानं करायचं. साठा परवानाधारक मॅगझिनमध्ये, म्हणजे स्फोटकांच्या कोठारात, हलवायला त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

सीए_टेबल

वरच्याला जोड. प्रयोगशाळेला सगळा माल पाठवायचा नसतो, पथकानं काढलेला थोडासा नमुना पुरतो. न निकामी केलेली वस्तू आम्ही दारातून आत घेत नाही, पथकाचा निकामी केल्याचा दाखला सोबत लागतो. नमुना कर्मचाऱ्याच्या हाती, सरकारी गाडीनं. एसटीनं नाही, कुरियरनं तर नाहीच. उरलेला माल नष्ट करायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली कोर्टात अर्ज टाका. त्यात यादी आणि फोटो-चित्रीकरण १४ दिवसांत, विल्हेवाटीचा आदेश त्यापुढं ३० दिवसांत, अशी मुदत दिलेली आहे. अर्ज मात्र पहिल्याच आठवड्यात जाऊ द्या.

ठाणेअंमलदार_७०किमी

आणि जिल्हाधिकाऱ्यांची संमती? ती आरोपपत्राच्या आधी लागते का नंतर?

सीए_टेबल

स्फोटक पदार्थ कायद्याचं कलम ७. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोर्ट खटला पुढं चालवूच शकत नाही. प्रस्ताव सी.ए. रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी पाठवा आणि जावक क्रमांक स्टेशन डायरीत लिहा. आरोपपत्राला संमतीपत्र जोडलेलं असलं की पुढं कुणी बोट ठेवत नाही.